शेंडा मोडून पाहिलेला प्रोसेसर

अमरावतीच्या राजापेठेत भागीरथाबाईंच्या भाजीच्या दुकानात भेंडीचे दोन कायदे होते. पहिला असा, की गिऱ्हाइकानं भेंडीचा शेंडा मोडून पाहायचा नाही. मोडला, तर ती भेंडी त्याच्याच पिशवीत जायची, आणि सोबत त्याच्या घरच्या वळणाविषयी दोन शब्द फुकट मिळायचे. दुसरा असा, की भागीरथाबाई स्वतः सकाळी बाजारात माल घ्यायला गेल्या की शेंडा मोडल्याशिवाय पोत्याला हात लावायच्या नाहीत. हे दोन कायदे एकमेकांच्या उरावर बसतात, असं शेजारच्या नत्थुजींनी एकदा सुचवून पाहिलं होतं. नत्थुजी वीज मंडळातून रिटायर झालेले लाइनमन. बाई म्हणाल्या, "तुमी लोकाइले तारेले हात लावू नका म्हनत होते, अन् सोता लावत होते ना?" नत्थुजींनी मुकाट्यानं पाव किलो वांगी घेतली.

अशा बाईंच्या हातून जे झालं, ते राजापेठेत आजही कोणाला माहीत नाही.

झालं असं, की त्यांच्या मुलाच्या, शेखरच्या, लग्नाच्या बैठकीत नवरी मुलगीच बोलली. अकोल्याची गीतांजली. सासरहून काय दागिना पाहिजे असं विचारल्यावर ती म्हणाली, "मले सोनं नको. गेम खेळाचा कम्प्युटर पाहिजे." तिच्याकडची माणसं सतरंजीकडे पाहू लागली. भागीरथाबाईंना मात्र पोरगी तिथंच आवडली. जिला काय पाहिजे ते ठाऊक आहे, अशा गिऱ्हाइकाला त्या नेहमीच मान द्यायच्या. त्या म्हणाल्या, "देईन. मी सोता निवडून देईन. माह्या घरात आजवर सडका माल आला नाई."

यावर गीतांजलीची आई माणिकबाई हसली. अकोल्याच्या जुन्या शहरात तिचं फुलांचं दुकान. फुलं ताजी, आणि तोंड त्याहून ताजं. म्हणाली, "राहू द्या इनबाई. तुमचं भाजीतलं ग्यान मोठं. यातलं नाई जमलं तं आमी देऊ, त्यात काय."

हे "त्यात काय" भागीरथाबाईंच्या घशात मासळीच्या काट्यासारखं रुतून बसलं.

ते बोंडअळीचं साल. कापूस अळीनं खाल्ला आणि गावाकडून येणारं गिऱ्हाईक दोन जुड्यांच्या जागी एक जुडी घेऊन कोथिंबीर फुकट मागायला लागलं. लग्न झालं, पण कम्प्युटर पुढं पुढं गेला. आणि उन्हाळ्यात अधिक महिना आला. तीन वर्षांनी येणारा हा महिना जावयांचा. सासूनं जावयाला जेवायला बोलवायचं, अनारसे द्यायचे, वर वाण द्यायचं, याला आमच्याकडे धोंडा म्हणतात. अकोल्याहून फोन आला. माणिकबाई गोड आवाजात विचारत होती, "जावईबाप्पूले धोंड्यात कम्प्युटर दिला तं चालते का?"

"आमचा घेणं चालू आहे," भागीरथाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग सुनेला हाक मारली. "गीता, कम्प्युटर कोठी भेटते?"

गीतांजलीनं भाजीच्या पाट्यांमध्ये बसून समजावलं. "आत्याबाई, तो तयार नाई घ्याचा. सुटे सुटे भाग घेऊन जोडाचा. सस्ता पडते."

"खाटेसारखं. पाय येगळे, नवार येगळी."

"हो. त्यात प्रोसेसर म्हंजे डोकं."

"मंग आधी डोकं घेऊ. डोकं पाहून बाकीचं घेता येते. लोकं उलटं करतात, म्हनून पस्तावतात." हे बोलताना त्यांनी शेखरकडे पाहिलं. शेखर एका ट्युशन क्लासच्या ऑफिसात कामाला होता आणि घरात कमी बोलायचा.

नत्थुजी खुर्ची घेऊनच आले. त्यांचा पुतण्या पुण्याला कम्प्युटरात होता, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क आपल्या घराण्यात आला आहे अशी त्यांची समजूत होती. म्हणाले, "दोन कंपन्या असतात. एकीचा डब्बा लाल, एकीचा निळा. निळाच घ्या. अन् आठ कोरवाला घ्या. पुतण्याचा आठाचा आहे."

"कोर म्हंजे?"

"आत काम करनारे," गीतांजली म्हणाली. "कोनात चार, कोनात सहा, कोनात आठ."

"मजूर म्हन ना." बाईंनी पालकावर पाणी शिंपडलं. "वावर निंदाले आठ बाया लावल्या अन् वाफे थोडे, तं उरलेल्या बांधावर बसून मालकिणीच्या चुगल्या करतात. तुह्या गेमचा वाफा केवढा?"

"सहा जनीचा. पन एकेकीचा हात चपळ पाहिजे."

"मंग सहाचाच. आठवीले मी काहून पोसू?"

हीच गोष्ट समजायला गीतांजलीनं मोबाइलवर कितीतरी व्हिडिओ पाहिले होते. नत्थुजींनी मात्र हार मानली नाही. ते म्हणाले, "डोकं भारीचं घ्या अन् ते चित्राचं कार्ड हलकं घ्या. चित्र कोन पाहाते?"

"काकाजी, गेममंदी चित्रच पाहातात," गीतांजली म्हणाली. "सारे पैसे डोक्यात घातले तं कार्डाले उरत नाई. डोकं पुढं पळते अन् चित्र मागं राह्यते."

"एक बैल खिल्लारी अन् दुसरा मरतुकडा," बाई म्हणाल्या. "तास वाकडंच जानार. मदल्या मोलाची जोडी पाह्य."

"कार्ड सध्या लय महाग आहेत पन. लोक त्याच्यावर पैसे खनून राह्यले."

"काय खनून राह्यले?"

"पैसे. कम्प्युटरात. नवीन निघालं तसं."

बाईंचा हात पालकावर थांबला. "माह्या भावानं वावरात तीन बोअर मारले, फुफाटा निघाला. अन् हे पंख्याखाली बसून पैसे खनतात." आणि पुढं बराच वेळ त्या गिऱ्हाइकांशी तुसड्यासारख्या वागल्या.

डब्बा लाल ठरला. कारण असं, की लाल कंपनीची डोकं बसवायची खोबण पुढंही काही वर्षं तीच राहणार होती. डोकं जुनं झालं तर त्याच पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, नवीन बसवता येणार होतं. गीतांजलीनं हे भीतभीत सांगितलं, पण बाईंना ते सर्वांत आधी पटलं. मुसळ झिजलं म्हणून उखळ कोणी फेकत नाही.

इथपर्यंत सगळं शहाणपणानं चाललं होतं, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

नत्थुजींच्या मते कम्प्युटरआधी वीज भार वाढवून घेणं कायद्यानं भाग होतं. ते बाईंना स्वतः वीज कार्यालयात घेऊन गेले, कारण रिटायर झाल्यापासून त्यांना तिथं जायला निमित्त मिळत नव्हतं. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "वापर घरगुती की व्यावसायिक?"

"खेळाचा," बाई म्हणाल्या.

"खेळ असा रकाना नाही."

"मंग टाका एक. तुमच्याच साहेबाच्या घरी कोनी खेळत नाई का?"

बाबूनं त्यांना दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, दुसरीनं पहिलीवर. शेवटी चहा पिऊन आलेल्या एका इंजिनिअरनं सांगितलं की घरात एक कूलर असेल तर तो बंद ठेवून कम्प्युटर लावा, अर्ज कशाला. नत्थुजींचा चेहरा उतरला. कूलर त्यांनीच बाईंच्या घरी लावून दिला होता.

मग अमरावतीतलं मोठं दुकान. आत थंडगार हवा, आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला पोरगा. लाल डब्बा काचेच्या आत होता. बाई म्हणाल्या, "काढ. उघडून दाखव."

"आजी, सीलबंद असतो. सील तुटलं की विकला."

"पाहाच्या आधी?"

"कोणीच पाहून घेत नाही. अन् वॉरंटीसाठी ई-मेल सांगा."

"कोनाचा?"

"तुमचा."

"माह्या कांद्याले आजवर कोनी ई-मेल मागतला नाई."

"ई-मेल नाही तर वॉरंटीची नोंद होत नाही, आजी."

गीतांजली आपला ई-मेल सांगायला पुढं झाली, पण बाई तोवर दाराबाहेर होत्या. ई-मेलचं काही नव्हतं, आजी म्हटल्याचंही एक वेळ चाललं असतं. न पाहता माल घ्यायचा, म्हणजे आंधळ्यानं सोयरीक केल्यासारखं. आणि अशा डब्ब्यातून काही किडकं निघालं, तर माणिकबाईंचं ते "त्यात काय" जन्मभर ऐकायचं. शब्द काय दिला होता? निवडून देईन. निवडायचं तर हातात घ्यायलाच पाहिजे.

"अकोल्यात वकार आहे," त्या म्हणाल्या. "आयशाबीचा."

आयशाबीकडून बाई वर्षभराची मिरची घ्यायच्या. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, तिचा मुलगा वकार कम्प्युटर विकायचा आणि दुरुस्तही करायचा. सासू-सुना सकाळच्या एसटीनं निघाल्या. अकोल्याच्या स्टँडवर उतरताच ऊन असं अंगावर आलं की जणू उधारी वसूल करायला बसलं होतं. "तुह्या माहेरी हवा नाई येत का?" बाईंनी विचारलं. गीतांजलीनं लग्नापासून या प्रश्नाला उत्तर देणं सोडलं होतं.

वकारनं पंखा त्यांच्याकडे वळवला, चहा मागवला. लाल डब्बा होता, सहाचा, मधल्या मोलाचा, अमरावतीपेक्षा कमी भावात. पण सीलबंद.

"उघड," बाई म्हणाल्या.

"खाला, खोला तो मेरे पे आयेगा. कंपनी वापस नाई घेत."

"तुह्या मायकडून मी मिरची घेते तवा पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळची मिरची काढते. तिनं कदी सील दाखवलं?"

वकारनं गीतांजलीकडे पाहिलं. गीतांजलीनं पंख्याकडे पाहिलं. आईचं नाव निघाल्यावर त्या पोराला इलाज राहिला नाही. त्यानं सील कापलं, प्लास्टिकच्या पारदर्शक खोळीतून ती वस्तू काढली आणि दोन बोटांनी कडेला धरून बाईंच्या तळहातावर ठेवली. "बस किनारेसे पकडो, खाला."

मोठ्या शंकरपाळ्याएवढा चौकोन. वरून भांड्याच्या बुडासारखा चकचकीत. एवढ्याला एवढे पैसे, म्हणून बाईंनी तो उलटा केला. खाली पिवळ्या बारीक काड्या, शेकड्यांनी, ओळीत, मेथी नुकती उगवून आलेल्या वाफ्यासारख्या. बाईंना खरंच बरं वाटलं. माल दाट होता.

पुढचं त्यांनी केलं असं म्हणता येणार नाही. अंगठ्यानं केलं. चाळीस वर्षं जो अंगठा भेंडीच्या शेंड्यावर, दुधीच्या सालीवर आणि मटाराच्या शेंगेवर चालला, त्याला वाटलं हेही पाहून घ्यावं. कोवळं आहे की जून. त्यानं कोपऱ्यातल्या काड्या जरा दाबल्या.

कोवळं निघालं.

वकारच्या हातातला चहा तसाच राहिला. गीतांजलीच्या तोंडून "आत्याबाई" एवढंच आलं, तेही आत ओढलेल्या श्वासावर. वाफ्याच्या एका कोपऱ्यात गाढव लोळून गेल्यासारखी मेथी आडवी झाली होती.

"कच्चा आहे," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "असा माल मी नाई घेत."

वकार वाद घालणारा नव्हता. त्यानं कप खाली ठेवला. "खाला, लहानपनी अम्मीसोबत तुमच्या दुकानात आलो होतो. मी भेंडीचा शेंडा मोडला. तुमी काय म्हनलं होतं?"

बाईंना आठवत होतं. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, पैसे काढले आणि मोजून काउंटरवर ठेवले. घासाघीस केली नाही. गीतांजलीला खरी भीती तेव्हा वाटली.

"सीधं होते का हे?" बाईंनी विचारलं.

"होते भी, टूटते भी. एक पिन टूटी के पूरा बेकार. मी हात नाही लावत. तुटलं तं म्हनाल वकारनं तोडलं."

पुढचा पेच असा, की सुनेचं माहेर दोन गल्ल्यांवर. अकोल्याला येऊन विहिणीकडे न जाणं म्हणजे भांडण जाहीर करणं. आणि वकारच्या गल्लीतून बातमी माणिकबाईंकडे पोचायला फुलांचा पुडा बांधण्याएवढाही वेळ लागत नसे. तेव्हा जाणं भाग होतं. बाईंनी डब्बा पिशवीत तळाशी घातला, वर पदराचं टोक कोंबलं, आणि रस्त्यात सुनेला सांगितलं, "तू नको बोलू. बोलाचं तं मीच बोलीन."

माणिकबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, रसना दिला, आणि नजर सरळ पिशवीवर ठेवली. "घेतला म्हनते?"

"घेतला."

"निवडून?"

"आता तुमाले माहीत आहे मी कशी घेते ते."

"मंग द्या इकडे. नवीन वस्तू घरात आली, देवापुढं ठेवू. हळदकुंकू लावू."

याला नाही म्हणायला भागीरथाबाईंना कारण सापडेना. नव्या वस्तूला कुंकू नको म्हणणारी बाई वऱ्हाडात अजून जन्मायची आहे. त्यांनी डब्बा दिला, आणि डब्ब्यालाच कुंकू लागेल या आशेवर बसून राहिल्या. पण माणिकबाई फुलांच्या धंद्यातली; पुडा बाहेरून ओवाळणाऱ्यांतली नव्हती. तिनं खोळ उघडली, वस्तू काढली, चकचकीत कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं, आणि सवयीनं देठ पाहावं तशी उलटी करून पाहिली.

"हे इथं आडवं काहून?"

गीतांजली माय आणि सासू यांच्यामध्ये तराजूच्या दांडीसारखी उभी.

"आई, दुकानातूनच..." ती म्हणाली.

माणिकबाईंनी पदर खोचला. "त्या वकारनं दिलं असं? आयशाबीचं पोट्टं म्हनून का? चाल, पाहते त्याले. भर गल्लीत पाहते."

आता भागीरथाबाईंना फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसल्या असत्या तर शब्द शाबूत, मान शाबूत; वकारला शिव्या बसल्या असत्या आणि माल बदलून मिळालाही असता, कारण माणिकबाईंच्या तोंडासमोर सील टिकत नव्हतं. माणिकबाईंचा एक पाय चपलेत गेला. दुसरा जात होता.

"थांबा इनबाई," भागीरथाबाई म्हणाल्या. "पोट्ट्यानं चांगलं दिलं होतं. म्यांच दाबलं."

"काहून?"

"भेंडी पाहाते तसं पाह्यलं."

माणिकबाईंनी चप्पल काढली. भागीरथाबाईंनी मनाची तयारी केली; असा मोका त्यांना स्वतःला मिळाला असता, तर त्यांनी तो लोणच्यासारखा मुरवून वर्षभर वाढला असता. पण माणिकबाई आत गेली आणि चष्मा, पाट आणि गजरे ओवायची सुई घेऊन आली. मोगऱ्याची कळी न फाटता जिच्यातून जाते, ती सुई.

"उजेड धरा," ती म्हणाली.

भागीरथाबाईंनी सुनेच्या मोबाइलची बॅटरी धरली. राजापेठेत ज्यांच्यासमोर कोणी पाय पसरून बसत नाही, त्या बाई विहिणीच्या गुडघ्याला गुडघा लावून दिवटी धरून बसल्या.

"हालवू नका, इनबाई."

"हालवत नाई."

"श्वास तिकडं सोडा. वर नका सोडू."

भागीरथाबाईंनी श्वास भिंतीकडे सोडला. एक एक काडी सुईच्या अंगानं उचलली जात होती, जरा, आणखी जरा, शेजारणीच्या ओळीत येईपर्यंत. बाहेर गिऱ्हाईक हार मागत उभं राहिलं, कंटाळून गेलं. माणिकबाईंनी मान वर केली नाही. एक काडी फारच आडवी होती. तिच्यापाशी सुई थांबली.

"तुटली तं?" माणिकबाईंनी विचारलं.

"तुटली तं मी मोडली. तुमी लावा हात."

काडी उभी राहिली.

दोघींनी एकाच वेळी श्वास सोडला, आणि माणिकबाईंनी प्रोसेसरच्या कपाळावरचं कुंकू ओल्या बोटानं पुसून काढलं, कारण गीतांजली केव्हाची तेच सांगत होती.

मग वकारनं तो प्रोसेसर आपल्या दुकानातल्या एका पाटीवर बसवून पाहिला. खोबणीत बसला, पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं आली. "किसने किया, खाला?"

"घरातच झालं," भागीरथाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पाटी, कार्ड आणि उरलेलं सगळं त्याच्याचकडून घेतलं, सीलबंद, एकाही डब्ब्याला हात न लावता. वकारनं विचारलं, उघडून दाखवू का. बाई म्हणाल्या, "तुह्यावर इस्वास नाई का मले?"

अमरावतीला जोडणी झाली ती नत्थुजींच्या देखरेखीखाली. प्रोसेसरवर गीतांजली मलम लावत होती तेव्हा त्यांनी विचारलं, "हे काय?"

"डोकं तापते म्हनून लेप," बाई म्हणाल्या. "तुमाले लावू का?"

पहिल्या संध्याकाळी गीतांजली कानाला यंत्र लावून कुणाला तरी ओरडत होती, "मांगून ये, मांगून. पयले त्याले पाड." बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण आवाज घराण्याला शोभणारा होता.

धोंड्याचं आवतन द्यायला माणिकबाई स्वतः आली. शेजारपाजार जमला. कम्प्युटर पाहिला, वाखाणला. नत्थुजींनी निळ्या डब्ब्याचा अभिमान अजून सोडला नव्हता. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्या लाल कंपनीच्या पिना लय नाजूक असतात म्हने. घेताना पाह्यल्या होत्या का कोनी?"

भागीरथाबाईंच्या हातातली चहाची बशी ओठापाशी थांबली.

"पाह्यल्या तं," माणिकबाई म्हणाली. "इनबाईनं एक एक हात लावून पाह्यली. अशी पारख म्यां नाई पाह्यली कोनाची. आता आमी धोंड्यात जावयाले तांब्या देतो, दुसरं काय द्यावं?" आणि तिनं अनारसा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीआधी ती पिशवी घेऊन राजापेठेत दुकानावर आली. गिऱ्हाइकांची गर्दी होती, नत्थुजी वांग्यांपाशी होते. माणिकबाईंनी भेंडीच्या पाटीसमोर बैठक मारली, एक भेंडी उचलली आणि भागीरथाबाईंकडे पाहत तिचा शेंडा मोडला. टक्कन आवाज झाला. मग दुसरीचा. मग तिसरीचा. मोडलेल्या भेंड्या पिशवीत न टाकता ती पाटीतच परत ठेवत गेली.

सगळं दुकान भागीरथाबाई काय बोलतात ते ऐकायला थांबलं. नत्थुजी तर वांगं धरून सरळ उभे राहिले.

भागीरथाबाईंनी तराजू पुसला. मग पायानं पाटी विहिणीकडे सरकवली.

"खालची पाह्या इनबाई," त्या म्हणाल्या. "वरची जून आहे."